नगारासाहेबांचं तिसरं बटण

डॉक्टर राजकारणात कसे आले याच्या दोन कथा आहेत. पक्षाच्या पुस्तिकेत लिहिलंय की गोरगरिबांची दुःखं पाहून त्यांचं मन द्रवलं. कंपाउंडरला माहीत असलेली कथा जरा वेगळी आहे. पक्षाला उमेदवार मिळत नव्हता आणि डॉक्टरांना नाही म्हणता येत नव्हतं. बाकीचं काम मतदारांनी केलं. त्या सबंध मतदारसंघात अशी जीभ नव्हती जी डॉक्टरांनी बघितली नव्हती. ज्या माणसाने आपली जीभ बघितली त्याला नकार द्यायला माणसाला अवघड जातं. डॉक्टर निवडून आले, मग मंत्री झाले, आणि पुढे दोन मोठे पुढारी एकमेकांना मुख्यमंत्री होऊ देईनात तेव्हा "तोवर डॉक्टर बसू देत" असं ठरलं. त्या 'तोवर'ला आता पाच वर्षं होत आली होती.

कंपाउंडर बरोबर आला. सव्वीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून बाटल्या दिलेला माणूस एके दिवशी मुख्यमंत्र्यांचा खाजगी सचिव झाला. दारावर पितळी पाटी लागली, पण शिपायापासून मंत्र्यांपर्यंत सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. त्याला राग येत नसे. आत आधी कोण जाणार हे तेव्हाही तोच ठरवत होता आणि आताही तोच ठरवत होता.

डॉक्टरांनीही कारभाराची पद्धत बदलली नाही. मंत्री नंबराने आत यायचे. "काय होतंय?" हा पहिला प्रश्न. "कधीपासून?" हा दुसरा. त्यानंतर डॉक्टर फाईल उघडत आणि बहुतेक वेळा म्हणत, "तीन दिवस वाट बघू. नाही उतरलं तर पुन्हा दाखवा." दहातले आठ ताप आपोआप उतरतात हा त्यांचा अनुभव होता. फायलींचंही प्रमाण तेवढंच निघालं. प्रांत बरा चालला होता, म्हणजे निदान अंगात ताप नव्हता.

आणि मग एका मंगळवारी नगारासाहेब भेटायला आले.

नगारासाहेब म्हणजे विरोधी पक्षनेते. शाळेत ते आणि डॉक्टर एकाच बाकावर. हे नाव तेव्हापासूनचं. त्यांना कधी मायक्रोफोन लागला नाही, आणि त्यांनी कानात सांगितलेलं गुपित मैदानापलीकडे ऐकू जायचं. शुक्रवारी सभागृहात अविश्वासाचा ठराव होता. डॉक्टरांचे काही लोक फुटले होते आणि हिशेब अगदी काठावर आला होता. नगारासाहेब स्वतः येऊन मत देतील तर डॉक्टर एका मताने पडणार, आणि ते घरी राहिले तर डॉक्टर तरणार. नगारासाहेब घरी राहण्यातले नव्हते.

"तीन दिवस आहेत तुझ्याकडे," ते आत येता येता म्हणाले. "मानाने उतर. शुक्रवारी मी ढकललं तर लागेल तुला. या वयात हाडं जुळत नाहीत, तुला काय सांगायचं."

"चहा घेतोस?"

"घेतो. चहाशी माझं भांडण नाही."

पाहुण्यांसाठी तिथे एक जुना सोफा होता. स्प्रिंगा गेल्या होत्या. बसणारा मागे कलंडायचा, गुडघे कानाशी यायचे आणि पोट वर यायचं. कंपाउंडरने तो बदलू दिला नव्हता. त्या अवस्थेत कुणाला धमकी देणं जमत नाही, असा त्याचा अनुभव होता. नगारासाहेबांना मात्र जमलं. ते कलंडल्या कलंडल्या पंधरा मिनिटं बोलत होते.

डॉक्टर ऐकत नव्हते. त्यांची नजर नगारासाहेबांच्या कोटावर खिळली होती. कंपाउंडरला वाटलं, साहेब खचले. मग त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर एकदा कोटाकडे बघतायत, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सव्वीस वर्षांत कंपाउंडरने हे पाच-सहा वेळाच पाहिलं होतं. एकदाही बातमी चांगली निघाली नव्हती.

"कंबर दुखते का रे?" डॉक्टरांनी मध्येच विचारलं.

नगारासाहेब थांबले. "तुला कोणी सांगितलं? माझ्या घरात माणूस पेरलायस?"

"कंबरेत, खोल. कूस बदलली तरी थांबत नाही. कधीपासून?"

"तीन आठवडे. दौऱ्यावर गाडीत बसून बसून... ते जाऊ दे, मी राजीनाम्याबद्दल बोलतोय."

"आडवा हो. पोटाला हात लावू दे."

नगारासाहेबांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग कंपाउंडरकडे, आणि मग असे हसले की टेबलावरचे कप किणकिणले. "झोपवतोस? मलासुद्धा? अरे, तीच गोळी किती जणांना देशील?"

हे बोलणं झोंबायचं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अर्थसंकल्पाच्या मतदानाआधी डॉक्टरांनी विरोधकांच्या एका आमदाराची सहज म्हणून नाडी पाहिली होती. भुवया उंचावल्या होत्या. "तीन दिवस पलंगावरून उठायचं नाही," असं सांगितलं होतं. आमदार उठला नाही आणि अर्थसंकल्प पास झाला. सगळा प्रांत हसला. "त्याचा रक्तदाब खरंच वाढलेला होता," डॉक्टर नंतर म्हणाले. "किती?" कंपाउंडरने विचारलं होतं. "माझ्याएवढा," डॉक्टर म्हणाले होते.

नगारासाहेब सोफ्यातून दोन झटक्यांत सुटले, चहा उभ्यानेच संपवला आणि गेले.

"त्याच्या कोटाचं तिसरं बटण उडतंय," दार लागल्यावर डॉक्टर म्हणाले. "मानेवरची शीर आणि ते बटण, दोन्ही एका तालात. मिनिटाला बहात्तर. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तशी. आणि दुखायला लागलीय, म्हणजे फुटायच्या बेतात आहे. आज फुटेल, महिन्याने फुटेल. फुटली की दहा मिनिटं."

"आणि इलाज?"

"ऑपरेशन. लगेच."

कंपाउंडरच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे शुक्रवारी ते इस्पितळात! साहेब, देवच पावला की."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. फार वर्षांपूर्वी त्याने खोकल्याच्या बाटलीत मलमपट्टीचं औषध भरलं होतं, तेव्हा असं बघितलं होतं. कंपाउंडरने मान खाली घातली. पण माणसाचं मन वाईट. मान खाली ठेवूनच त्याने विचारलं, "साहेब, हे... खरंच आहे ना?"

डॉक्टर चष्मा पुन्हा काढून पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर आता काही उरलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी मोठ्या इस्पितळातला सर्जन नगारासाहेबांच्या घरी पाठवला. नगारासाहेबांनी त्याला फाटकातूनच विचारलं, "तुझी नेमणूक कोणाच्या सहीने झाली?" सर्जन बिचारा खरं बोलला. फाटक उघडलं नाही. मग डॉक्टरांनी पत्र पाठवलं, अगदी सोप्या भाषेत, आकृती काढून. नगारासाहेबांनी बुधवारी सकाळच्या जाहीर सभेत ते पत्र आकृतीसकट वाचून दाखवलं. "माझ्या पोटात म्हणे फुगा आहे! कोणाचा फुगा फुटतोय ते शुक्रवारी बघा!" टाळ्या इतक्या पडल्या की कबुतरं उडाली.

"अजून एक माणूस उरलाय," डॉक्टर म्हणाले आणि कपाटावरची जुनी बॅग काढली.

नगारासाहेबांच्या घरी ते मागच्या दाराने गेले. वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्यांची दोन्ही बाळंतपणं डॉक्टरांच्या हातून झालेली. त्यांनी हात न थांबवता पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"या भाऊजी. निवडणुकीआधी मागच्या दाराने येणारे पुष्कळ पाहिलेत. तुम्ही पहिल्यांदाच."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. पातेल्यात दाणे पडण्याचा आवाज हळू होत गेला आणि मग थांबला.

"कुशीवर उशी घेऊन झोपतात हल्ली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं वय."

"वहिनी, त्याला आजच आणा."

वहिनींनी हात पुसले. "भाऊजी, गेल्या खेपेला तुम्ही त्या आमदाराला तीन दिवस झोपवलंत. त्याची बायको इथे, या ओट्याला टेकून रडली होती. कुंकवाला धक्का लागेल म्हणून तिने तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. माहीत होतं तुम्हाला?"

डॉक्टरांना माहीत नव्हतं. ती गोष्ट सगळ्यांनी हसून सांगितली होती, आणि बायकोचा भाग कोणीच सांगितला नव्हता.

"मला डॉक्टरावर विश्वास ठेवायचाय हो," वहिनी म्हणाल्या. "जीव टांगणीला लागलाय माझा. पण डॉक्टर आहे कुठे? माझ्यासमोर मुख्यमंत्री बसलाय. आमच्या यांना मी काय सांगू? आधी खुर्चीवरून उतरा आणि मग सांगा. त्याच पावली घेऊन येते."

परतताना गाडीत कंपाउंडर एकटाच बोलत होता. "दोनच दिवसांचा प्रश्न आहे साहेब. शुक्रवारी मतदान होऊ दे. पडलो तर पडलो, मग सांगायला आपण मोकळे. दोन दिवसांत काय होतंय?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "पडणारच आहे, तर दोन दिवस धीर धरावा. ट्यूबने धरला तर."

कंपाउंडरला हायसं वाटलं. पण कचेरीत पाऊल टाकलं आणि बाहेरच्या खोलीत मौनीबाबा बसलेले दिसले.

मौनीबाबा हे फुटलेल्यांपैकी एक आमदार. पंधरा वर्षांत सभागृहात एक शब्द बोलले नव्हते, त्यामुळे त्यांचे विचार चांगले असावेत असा दोन्ही बाजूंचा समज होता. कंपाउंडरने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "परत येताय का आमच्याकडे?" मौनीबाबांनी मान हलवली. कंपाउंडरने पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलली, आणि या खेपेला ती नक्की वरून खाली हलली. तो धावतच आत गेला.

"साहेब! मौनीबाबा आपल्याकडे! आता नगारासाहेब आले काय आणि न आले काय, खुर्ची पक्की!"

डॉक्टर मटकन बसले. "पक्की झाली? अरेरे."

"अरेरे काय साहेब?"

"अहो, कच्ची होती तर आपोआप पडलो असतो. आता पक्की झाली तर मलाच उतरावं लागेल की." त्यांनी हिरवा फोन पुढे ओढला आणि घरी लावला. "अगं, उद्या घरी येतोय."

पलीकडून बाईंचा आवाज कंपाउंडरलाही ऐकू आला. "जेवायला?"

"कायमचा."

"बरं. येताना बल्ब आणा. दवाखान्यातला गेलाय."

"कधी?"

"तुम्ही मंत्री झालात तेव्हा."

गुरुवारी सकाळी साडेनऊला डॉक्टरांनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. कोणाच्या, ते लिहिलं नाही. कंपाउंडरने राजीनामा टाइप करताना चार चुका केल्या. सव्वीस वर्षांत औषधात एक चूक केलेला माणूस तो. अकरा वाजता राज्यपालांनी नगारासाहेबांना बोलावणं धाडलं. शपथविधी दुपारी चारला.

आता डॉक्टरांनी बिनखुर्चीचं तोंड घेऊन फोन केला. नगारासाहेबांनी स्वतः उचलला. मागे माणसांचा गलका होता.

"मी उतरलोय. आता तरी ऐक. आज दाखल हो."

"आज?" फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. "आज माझी शपथ आहे! मोठ्या मनाचा आहेस रे तू, मी भाषणात तसं म्हणणार आहे. पण पोटाचं नंतर बघू. मुख्यमंत्री झालो की सवडीने करू."

फोन बंद झाला. खोलीत दोघंच. पितळी पाटीचे स्क्रू शिपाई बाहेर पिळत होता, त्याचा किरकिर आवाज येत होता. म्हणजे खुर्ची गेली ती गेली, आणि नगारासाहेबही जाणार. कंपाउंडरला एकदम असं वाटलं की आपण पाच वर्षं या खोलीत काहीच कमावलं नाही, कोणाचा साधा विश्वाससुद्धा नाही. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वहिनी होत्या.

"भाऊजींना सांगा, इस्पितळात तयारी ठेवा. साडेतीनला येतो."

"म्हणजे नगारासाहेब तयार झाले?"

"कपडे करून तयार झालेत. कुठे जायचं ते माझ्यावर सोपवा. गाडी मीच चालवणार आहे."

साडेतीनला इस्पितळाच्या पोर्चमध्ये सर्जन, दोन नर्स आणि चार वॉर्डबॉय पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभे होते. डॉक्टर खांबाआड. त्यांच्यामागे कंपाउंडर, बॅग घेऊन. वहिनींची गाडी वळण घेऊन आली आणि अचूक दारासमोर थांबली. नगारासाहेब नव्या कोटात उतरले. पांढरी रांग बघून त्यांना ती मानवंदनाच वाटली. त्यांनी हात उंचावला. दोन पावलं चालले. तिसऱ्या पावलाला त्यांना चाकांची गाडी दिसली, त्यावरची रबरी चादर दिसली, आणि खांबाआडचा चष्मा दिसला.

"दगा!" त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. खिडक्यांतून रुग्ण डोकावले. "माझ्या घरात! माझी बायको फोडली याने! अहो, तुम्ही..." ते वहिनींकडे वळले. वहिनी गाडीचं दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या होत्या. "अर्धा तास आहे अजून! मी चालत जाईन! मी..."

आणि ते थांबले. कोणी थांबवलं नव्हतं. त्यांनी एक हात कंबरेवर ठेवला, दुसऱ्याने चाकांच्या गाडीची कड धरली. चेहऱ्यावरचा रंग कोणीतरी बोळ्याने पुसून घ्यावा तसा उतरला. तिसरं बटण थडथड उडत होतं. आता ते कंपाउंडरलाही दिसलं.

डॉक्टरांनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"हात सोड," नगारासाहेब म्हणाले. "मुख्यमंत्र्याचा हात आहे."

"शपथ झाली नाही अजून. आत्ता तूही कोणी नाहीस आणि मीही कोणी नाही."

नगारासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण काय म्हणाले ते पहिल्यांदा कोणालाच ऐकू आलं नाही. साठ वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरांनी कान जवळ नेला.

"दुखतंय रे."

"माहितीय. झोप."

ते झोपले.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. सर्जन बाहेर आला तेव्हा त्याने नुसतं अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं. भिंत किती पातळ उरली होती ते. जवळजवळ अंतर नव्हतंच. वहिनी बाकावर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून जोरात रडल्या. डॉक्टर पलीकडे तोंड करून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. त्यांनी तो तीनदा वाचला.

इकडे राजभवनात चार वाजून गेले होते. खुर्च्या भरलेल्या, कागद तयार, फक्त शपथ घेणारा माणूस नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले. शेवटी राज्यपाल वैतागून म्हणाले, "अहो, दोन्ही बाजूंना चालेल असा कोणी आहे का इथे?" पहिल्या रांगेत मौनीबाबा बसले होते. दोन्ही बाजू त्यांना आपलाच समजत होत्या. राज्यपालांनी विचारलं, "आपण घेता का?" मौनीबाबांनी मान हलवली. शपथेसाठी मात्र त्यांना तोंड उघडावं लागलं. त्यांचा आवाज बारीक आणि गोड निघाला, आणि लोकांना फार आवडला.

नगारासाहेबांना हे सहाव्या दिवशी कळलं. तोवर वहिनींनी वर्तमानपत्र येऊ दिलं नव्हतं. डॉक्टर आणि कंपाउंडर खोलीत शिरले तेव्हा ते तीन उशांना टेकून बसले होते.

"मौनी!" ते कडाडले. "अरे, तू बसला असतास तर मी समजू शकलो असतो. शत्रू तरी तोलामोलाचा. मला कापलंस ते मौनीसाठी?"

"टाके ओढू नकोस. हळू बोल."

"हळू बोलायला लावायचं हाच तर डाव होता तुमचा!"

"सर्जनने दाखवलं ना तुला, भिंत किती उरली होती?"

"सर्जन तुझा माणूस. बायकोसुद्धा तुझीच माणूस निघाली."

वहिनी कोपऱ्यात संत्रं सोलत होत्या. "सासरची माणसं माहेरच्यांबद्दल असंच बोलतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. "मला एवढंच सांग, कंबर दुखतेय का?"

नगारासाहेबांनी अंग जरा हलवून बघितलं. डावीकडे, मग उजवीकडे. चेहऱ्यावर नवल उमटलं आणि लगेच पुसलं गेलं.

"नाही."

"मग?"

"मग काय मग! न दुखणाऱ्या माणसाला सहा दिवस झोपवून का ठेवलंयस?"

डॉक्टरांनी नाडी मोजली, जीभ बघितली आणि निघाले.

दवाखान्यात बल्ब लागला. बाकावर माणसं बसू लागली, आणि पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने कंपाउंडरला खिडकीतून विचारलं, "कुठं गेला होता एवढे दिवस?" कंपाउंडर म्हणाला, "जरा बाहेर." त्या अंथरुणात पडून राहिलेल्या आमदाराच्या घरी डॉक्टर एका रविवारी स्वतः जाऊन आले. आत काय बोलणं झालं ते कंपाउंडरला कळलं नाही, पण त्या बाईंनी दोघांनाही चहा दिला आणि डॉक्टरांच्या चहात साखर घालायला विसरल्या. मुद्दाम विसरल्या असाव्यात. डॉक्टर सबंध कप प्यायले.

नगारासाहेब तीन महिन्यांत व्यासपीठावर परतले. आता त्यांच्या भाषणात एक नवा भाग होता. मध्यावर आले की ते कोट उघडत, शर्ट वर करत आणि छातीपासून बेंबीखालपर्यंतची खूण सभेला दाखवत. "हा बघा पुरावा! सत्तेसाठी माणसं काय थराला जातात ते बघा! एका डॉक्टराने मला भर दुपारी उभा चिरला!" सभा हळहळत असे. पुढच्या निवडणुकीत त्याचा त्यांना फार उपयोग झाला.

अशा एका सभेला डॉक्टर गेले होते. गर्दीत मागे, टोपी डोळ्यांवर ओढून. कंपाउंडर नको म्हणत होता तरी. शर्ट वर गेला तसे डॉक्टर टाचा उंचावून बघू लागले.

"छान भरलीय जखम," ते पुटपुटले. "पुळी नाही, ताण नाही. त्या सर्जनचा हात चांगला आहे."

"साहेब, ते तुम्हाला शिव्या देतायत."

"ऐकतोय की." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. व्यासपीठावरून 'नराधम' पासून सुरुवात झालेली माळ अजून तुटली नव्हती. "एका श्वासात किती झाल्या बघा. चौदा... पंधरा..." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं होतं की शेजारच्या माणसाला ते नगारासाहेबांचे कट्टर अनुयायी वाटले, आणि त्याने बसायला आपली खुर्ची पुढे केली.

"नको," डॉक्टर म्हणाले. "उभा बरा आहे."